डागासह हजर व्हावे

चारठाण्याच्या कस्तुराबाईच्या डाव्या गालावर कोडाचा बोराएवढा पांढरा डाग होता, आणि तो सरकारदरबारी नोंदलेला होता. नवरा वारल्यावर शेताचा पट्टा आपल्या नावे व्हावा म्हणून तिने जिंतूरच्या तहसिलीत अर्ज दिला, तेव्हा पेशकार दिनकररावांनी तिचा हुलिया लिहून घेतला होता: रंग सावळा, गालावर डाग. एवढ्यावर काम भागले.

अर्ज निजामी शिस्तीने दोन वर्षे चालला. तेवढ्या काळात एका वैद्याने बावचीचे तेल दिले. बाई रोज ते गालाला लावून कोवळ्या उन्हात बसू लागली. गाल लाल झाला, सोलला, मग कडेकडेने सावळे ठिपके उगवले आणि एके दिवशी डाग भरून आला. बाईने आरसा तीनदा पुसून पाहिला. असा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता. त्याच आठवड्यात तहसिलीतून शिनाख्तीचे, म्हणजे ओळख पटवण्याचे, बोलावणे आले.

दिनकररावांनी अर्जाच्या मिसलीतला हुलिया पाहिला, गाल पाहिला आणि मिसलीवर विश्वास ठेवला.

"कस्तुराबाईला घेऊन या."

"मीच हाय, सायब. डाग गेलाय, मी न्हाई गेले."

सरकारी नोंदीतला डाग विनापरवाना घालवल्याबद्दल तिला समज देण्यात आली. पंधरा दिवसांत डागासह हजर व्हावे, अन्यथा अर्जदार बेपत्ता धरून अर्ज निकाली काढला जाईल, असा लेखी हुकूमही निघाला.

बाई वैद्याकडे डाग परत मागायला धावली. उलटे तेल निघत नाही, असे त्याने हात जोडून सांगितले. शेवटी ती गालाला चुना फासून गेली. बघते तर शेतावर डोळा असलेली जाऊ कडूबाई चुना लावून आधीच रांगेत! दिनकररावांनी दोन्ही डाग पट्टीने मोजले. कडूबाईचा डाग जास्त गोल भरला.

बाईने गाव साक्षीला आणले. पाणवठ्यावर तिच्यापासून चार हात लांब उभे राहणारे सगळे इमानदारीने आले.

"खऱ्या कस्तुराबाईचं नाक कसं? डोळे कसे?" पेशकारांनी विचारले.

साक्षीदारांनी एकमेकांकडे पाहिले. "डाग होता, सायब. तेवढं नक्की," चतुराबाई म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

पट्टा कडूबाईच्या हाती गेला.

तुम्हाला संताप आला असेल. यायलाच हवा. अपिलाची तारीख सोमवारची आहे, आणि तुम्ही तर कस्तुराबाईला पहिल्या ओळीपासून ओळखता. तेव्हा साक्षीला तुम्हीच या. फक्त पेशकार विचारतील, तर सांगा: ती दिसायला कशी होती?