नखं वाचणारे डॉक्टर नेने

कल्याणात डॉक्टर नेन्यांना नमस्कार लांबूनच करावा. हात पुढे केलात की गेला! एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून, नखाच्या मुळाशी खोबरेलाचा थेंब सोडून हे गृहस्थ आतल्या रक्तवाहिन्या बघत बसायचे. "तोंड थापा मारतं, नख नाही मारत," हे त्यांचं ब्रीद. एकदा मुलगी पाहायला गेले आणि पोहे सोडून मुलीचाच हात धरला. वरमाईला वाटलं, मुलगी भांडी घासते की नाही ते तपासताहेत. भलतीच खूश झाली!

गावाला ताप बघणारा डॉक्टर हवा होता, मिळाला हा नखवाचक. दवाखान्यात माश्यासुद्धा नंबर न लावता बसायच्या.

मग एका थंडीत आमच्या सुमतीची बोटं धुण्याच्या गार पाण्यात खडूसारखी पांढरी पडू लागली, मागाहून जांभळी. "कामाचा कंटाळा!" हे आईचं निदान. मीही विनोदी नवरा. म्हटलं, "रंगपंचमी लवकर आली वाटतं." सुमतीने बोटं पदराखाली घेतली.

एकदा नेने घरी आले. सुमतीने चहा पुढे केला, त्यांनी कप सोडून हात पकडला. भिंग निघालं. बोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली, ती येईना. मग हळूच विचारलं, "वहिनी, कोरडा घास छातीत अडकतो का हो?"

सुमतीचे डोळे भरले. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"गारठ्याने बोटं पुष्कळांची पांढरी होतात," नेने म्हणाले. "पण इथे नखाजवळच्या वाहिन्या फुगल्यात, काही तर मेल्यात. कातडी आवळत चालली आहे, आत अन्ननलिकाही. शरीर आपल्याच शरीरावर उठलंय. सोंग नव्हे हे, काकू."

"औषध?" आईने विचारलं.

"मुंबईला दाखवू. पण खात्रीचं औषध त्यांच्याकडेही नाही. गार पाणी मात्र आजपासून बंद."

दुसऱ्या दिवशी पहाटे मागीलदारी धूर दिसला. कोट घातलेले डॉक्टर आमच्या बंबापुढे उकिडवे बसून फुंकणी फुंकत होते. "तुम्ही लोक विसराल!" माझ्यावरच खेकसले. मग रोज येऊ लागले.

महिन्याभराने आई म्हणाली, "अहो डॉक्टर, घरी तुमची वाट बघत असतील."

"घरीही बंब आहे, काकू," ते डोळे चोळत म्हणाले. "पाणी कुणासाठी तापवायचं?"

आमची आई विस्तवाजवळ परक्याला फिरकू देत नसे. तिने फुंकणी परत मागितली नाही.