बैलांनी ओढलेली जपानी गाडी

अन्याय सोपानतात्यांवर झाला, आणि तो गेल्या रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी झाला. त्या मिनिटाला चिंचवडच्या एका गृहस्थांनी आमच्या खरेदी-विक्रीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं : 'खोडदच्या म्हाताऱ्याकडे जाऊ नका. स्पोर्ट्स कार म्हणून बैलगाडी दाखवतो. त्याला गाडी विकायचीच नाही, माणसं गोळा करायची आहेत.' ग्रुपात ओतूरपासून मंचरपर्यंतची माणसं आहेत. कोणी हसलं, कोणी वर केलेला अंगठा टाकला. निषेध एकानेही केला नाही. त्या दिवसापासून तात्यांच्या दारात आपणहून एकही गिऱ्हाईक फिरकलेलं नाही.

मी पत्रकं काढते. 'बिबट्याच्या भागात शेतीला दिवसा वीज द्या' हे पत्रक माझं. 'एसटीचा थांबा शाळेसमोर हलवा' हेही माझंच. तेव्हा हे प्रकरण साहजिकच माझ्याकडे आलं. म्हणजे मी ते घेतलं.

आता वस्तुस्थिती. गाडी बैलांनी ओढली, हे खरं आहे. का ओढली, हे त्या गृहस्थांनी लिहिलेलं नाही.

खोडदला आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकणाऱ्या दुर्बिणीच्या अवाढव्य थाळ्या आहेत. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि तिची खरखर त्या थाळ्यांना ऐकू जाते, असं कोणा इंजिनिअरने तात्यांना कधीतरी चहा पिता पिता सांगितलं. रस्ता सगळ्यांचा आहे. त्यावरून मोटारसायकली दिवसभर फटफटत जातात, कोणी कोणाला अडवत नाही. पण तात्यांनी ऐकलं ते ऐकलं. गिऱ्हाईकाला चक्कर मारून दाखवायची तर शेजारच्या बबनची शर्यतीतून निवृत्त झालेली बैलजोडी आणायची, गाडीच्या पुढच्या हुकाला दोर बांधायचा आणि थाळ्या मागे पडेपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही.

"अवो, ते तिकडं कान लावून बसल्यात," तात्या म्हणतात. "लाखो वर्षांमागं निघालेला आवाज आज हितं पोचायचा, आन् नेमकी तवाच आमी गाडी चालू करायची? बरं दिसतं का, राव?"

चिंचवडचे गृहस्थ गाडी पिकअप कसा घेते ते बघायला आले होते. वाटेत बैल पाणी प्यायला थांबले, तेव्हा त्यांनी खवचटपणे विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

तात्यांनी सरळ उत्तर दिलं, "जाऊन-येऊन कडब्याच्या दोन पेंढ्या."

गाडी पस्तीस वर्षांची आहे. लाल, जपानी, दोन दारांची, इतकी बुटकी की उतरताना कोणाचा तरी खांदा धरावा लागतो. पुढचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले असतात, बटण दाबलं की वर येतात. तात्या मुंबईत एका शेठकडे वीस वर्षं ड्रायव्हर होते. शेठ कायमचे परदेशी निघाले, तेव्हा त्यांनी कागदपत्रं तात्यांच्या नावे केली. तेव्हापासून गाडी कांदाचाळीत राहते आणि कांदा बाहेर ताडपत्रीखाली. "चाळीत वारा खेळता ऱ्हातो, गंज धरत नाय," हे तात्यांचं शास्त्र. ओरखडा शोधून दाखवा. गाडीला 'सेकंडहँड' म्हणणाऱ्या मेहुण्याशी तात्या दोन दिवाळ्या बोललेले नाहीत.

गिऱ्हाईक आलं की तात्या आधी त्याची चौकशी करतात. "पावणं, घरी कोण कोण असतं? आई हाय का? मग तिला बसवणार का हिच्यात? गुडघं कसं हायत तिचं?" नारायणगावच्या एका डॉक्टरांना त्यांनी परत पाठवलं, कारण डॉक्टरांच्या आई वेगळ्या राहत होत्या.

आरोप खोडून काढायचा तर पुरावा लागतो. मी पुरावा शोधला. पिंपळवंडीचे नाना स्वतःचं गॅरेज चालवतात आणि जुन्या गाड्यांवर जीव टाकतात. परवा मी त्यांना घेऊन गेले. पत्रकाचा कच्चा खर्डा पिशवीत होता : 'गाडी विकली गेली, बदनामी करणाऱ्यांनी जाहीर माफी मागावी.'

नाना बैलांमागे गुपचूप बसले. थाळ्या मागे पडल्यावर तात्यांनी त्यांना स्टिअरिंग दिलं. पाच-सहा किलोमीटर जाऊन आले. गिअर लोण्यासारखे पडत होते, मी मागच्या चिमुकल्या सीटवर दुमडून बसले होते. परत आल्यावर चहा घेता घेता नाना म्हणाले, "तात्या, तुमी म्हणाल तो भाव. आई माझ्यापाशीच हाय. शेड बांधतो. आजच कागद करू."

मी पेन काढलं.

तात्या बराच वेळ बॉनेट पुसत राहिले. मग म्हणाले, "नाना, एक सांगायचं ऱ्हायलं. हिचा गिअर अडकतो. इंजिनबी लई तेल पितं."

नानांनी माझ्याकडे बघितलं, मग तात्यांकडे बघितलं. कप खाली ठेवला.

"अस्सं व्हय. मग ऱ्हाऊ द्या." आणि चपला घालता घालता म्हणाले, "पुढल्या आठवड्यात येतो, तेल कुठं जातंय ते बघाया."

"या की! जेवायलाच या," तात्या लगेच म्हणाले.

नाना गेल्यावर मी भडकले. "तात्या, धडधडीत खोटं बोललात. तेही गाडीबद्दल?"

तात्या मोरीत कप विसळत होते. घरात माणूस एक, आणि फळीवर कप बारा.

"तुझी काकी गेली तवा तेरा दिवस माणसं व्हती," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मग कोण कशाला येतंय? पोरगं नाशकात. मग दारात पाटी लावली, गाडी विकणे आहे. तर माणसं याया लागली. बसायची, बोलायची. गाडी गेल्यावर पाटीबी काढावी लागंल ना, पोरी."

मी खर्डा फाडला. चिंचवडच्या गृहस्थांनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे, हे मी इथे मान्य करते. तरीही त्यांनी ते लिहायला नको होतं, आणि लिहिलेलं काढून टाकावं, ही माझी त्यांच्याकडे मागणी आहे.

तुमच्याकडे मागणी वेगळी आहे. येत्या रविवारी खोडदला जा. एकटे जाऊ नका, दोघं-चौघं जा. भाव विचारा, घासाघीस करा, टायर दाबून बघा, दुसऱ्यांदा चहा मागा. विचार करून सांगतो म्हणा, आणि खरंच परत जाऊन सांगा.

फक्त गाडी घेऊ नका.