रंगीत दृश्य कुणी कापलं?

कुणीतरी आपल्याला पद्धतशीरपणे बनवतंय. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की लोक पुरावा मागतात, आणि पुरावा त्या वेळी आईबाबांच्या घरी माळ्यावर पडला होता. पण आमच्या लाडक्या सिनेमाच्या डिस्कची नवी पेटी ज्यांनी कुणी बाजारात आणली, त्यांना मी काय म्हणतोय ते बरोबर कळेल.

सिनेमा जुना, कृष्णधवल. एक प्रामाणिक कारकून अख्ख्या शहराशी भांडतो आणि शेवटी हॅट घालून, लांब कोट चढवून शहर सोडून जातो, एवढीच गोष्ट. (एवढीच म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.) पेटीची हवा वर्षभर तापत होती. आधी 'लवकरच घोषणा' अशी घोषणा, मग घोषणा, मग नुसत्या झाकणाचा फोटो. त्यावर लिहिलेलं: 'अखंड, अस्सल, आजवर न पाहिलेल्या रूपात.' मी पहिल्याच दिवशी नाव नोंदवलं.

पेटीतून आधी चहाचा एक मग निघाला. त्यात गरम पाणी ओतलं की नायकाचा चेहरा उमटतो आणि धुतला की तो चेहरा कायमचा जातो. मग नायकाच्या चेहऱ्याचे पायमोजे निघाले. ज्या माणसाने जन्मात कुणापुढे मान झुकवली नाही, त्याला आम्ही पायात घालायचा. मग त्याच्या कोटाच्या बटणाची प्रतिकृती, आणि ती प्रतिकृतीच आहे याचं सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र. सगळ्यांच्या खाली, पुठ्ठ्यात रुतलेली, डिस्क. सिनेमा कुणी मागितलाच तर असावा, म्हणून ठेवल्यासारखी.

चित्र असं घासूनपुसून काढलं होतं की नायक मेणाचा वाटत होता. आवाज ओठांमागून धापा टाकत येत होता. तेही मी सोसलं. मी वाट पाहत होतो फक्त रंगीत दृश्याची.

माझ्या लहानपणी घरी या सिनेमाची व्हिडिओ कॅसेट होती. बाबांनी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली. शाळेतून आलो की मी एकटाच ती लावून बसायचो. त्यात नायक शहर सोडून निघतो आणि अचानक पडद्यावर रंग येतो. पुलावर, धुक्यात, तो पाठमोरा चालतोय. सगळे आवाज बंद. तो वळतो आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन, एकमेकांवर आडवे धरून जोरजोराने हलवतो. बस. पुन्हा कृष्णधवल. अख्ख्या सिनेमात तेवढाच रंग. त्या दृश्यात नायक जरा ठेंगणा दिसतो (समाज माणसाला कसा खुजा करतो, हे दाखवण्याची ती रीत, असं मी एका लेखात सिद्ध केलंय) आणि हॅटऐवजी कानटोपी घालतो (प्रतिष्ठेचा त्याग, तोच लेख).

नव्या पेटीत ते दृश्य नव्हतं. आधीच्या डीव्हीडीत नव्हतं, त्याआधीच्या सीडीत नव्हतं. दर वेळी मी स्वतःची समजूत घातली, पुढच्या आवृत्तीत देतील. आता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मुद्दाम मागे ठेवलंय. पुढची पेटी खपवायला.

"किंवा ते दृश्य नसेलच," बायको म्हणाली. ती विम्याचे दावे तपासते. मला सर्दी झाली तरी ती आधी रुमाल बघते.

"मी शंभरदा पाहिलंय."

"तू. आणखी कुणी?"

"आमच्या चाहता मंडळाच्या प्रोफेसरांनी. थिएटरमध्ये. रंग आला तेव्हा लोक खुर्च्यांवरून उठून उभे राहिले होते, म्हणाले."

"हे त्यांनी तुझा लेख वाचण्याआधी सांगितलं की नंतर?"

असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही. मग तिने कपाटाकडे बोट दाखवलं. ते खरं आम्हा दोघांचं कपाट, पण तिच्या साड्या गेली दोन वर्षं सुटकेसमध्ये राहतात, कारण आत पेट्यांची उतरंड आहे.

"कॅसेट आण," ती म्हणाली. "दृश्य दिसलं तर तुझ्या मोर्चात मी फलक धरून येते. नाही दिसलं तर कपाट रिकामं. सगळं. मोज्यांसकट."

मोर्चा खरोखरच ठरला होता. सोमवारी मंडळाचे सगळे सभासद पेट्या घेऊन कंपनीच्या ऑफिसवर धडकणार होते, आणि सर्वांपुढे मी. म्हणून रविवारी दुपारी आम्ही आईबाबांच्या हॉलमध्ये जमलो. बाबांचा जुना व्हीसीआर मी कॉलेजात असतानाच बंद पडला होता, तेव्हा एका रिपेअरवाल्या काकांना बोलावून तो उघडायला लावला. ते मान खाली घालून झुरळं झटकत होते. प्रोफेसर सोफ्यावर मधोमध बसले. सभासद सतरंजीवर.

बाबांचं वागणं मला संशयास्पद वाटलं. "कशाला उकरून काढतोस जुनं?" ते दोनदा म्हणाले. (कंपनी वडिलांपर्यंत पोचू शकते का, असा विचार माझ्या मनात आला. लाज वाटते, पण आला.)

काकांनी कुठलीशी पट्टी बदलली, एक टपली मारली आणि चित्र आलं. मुंग्या होत्या, चट्टे होते, पण नायक माणसासारखा दिसत होता. माझा ऊर भरून आला. शेवट जवळ आला. नायकाने हॅट घातली. तो निघाला. मी उठून उभा राहिलो.

"आता," मी म्हणालो.

आणि रंग आला.

पूल, धुकं, पाठमोरा माणूस, कानटोपी. सभासदांनी श्वास रोखले. मी काकांना चित्र थांबवायला लावलं आणि बायकोकडे इतक्या थंडपणे पाहिलं, जितक्या थंडपणे आमच्या लग्नात आजवर पाहिलं नव्हतं.

"डिट्टो," प्रोफेसर डोळे पुसत म्हणाले. "थिएटरमध्ये डिट्टो हेच होतं."

तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन आली. सिनेमे तिने कधीच बसून पाहिले नाहीत, जाता-येता पाहिले. तशीच जाता-जाता थबकली.

"अगबाई, हा पूल," ती म्हणाली. "अहो, ही तुमची कानटोपी ना? मी विणलेली?"

बाबा खिडकीबाहेर पाहू लागले.

"बाबा," मी म्हणालो.

"अरे, नवा कॅमेरा घेतला होता तेव्हा. ट्रिपला नेला. घरी आल्यावर तो व्हीसीआरला जोडून पाहत होतो, नुसती चित्राची वायर नीट बसते का. हाताला लागली ती कॅसेट घातली नि रेकॉर्ड दाबलं."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगायचं काय त्यात? पुढे सिनेमा चालूच राहिला. तूही कधी तक्रार केली नाहीस. उलट तेवढाच भाग मागे नेऊन नेऊन बघायचास. मला वाटलं, बापाला बघतोय. बरं वाटायचं."

मी दोन्ही हात डोक्यावर नेले. "आणि ते हात? तो नकार? जगाला?"

"जगाला कुठला? हिला. कॅमेरा हिच्या हातात होता. बॅटरी संपत आली होती, बंद कर, बंद कर म्हणून ओरडत होतो."

"मला काय ऐकू येणार? धबधबा होता बाजूला," आई म्हणाली आणि कप वाटू लागली.

सगळ्यांनी प्रोफेसरांकडे पाहिलं. प्रोफेसरांनी कप तोंडाला लावला तो बराच वेळ खाली आणला नाही. एक सभासद हळूच म्हणाला की काही असलं तरी या दृश्याशिवाय शेवट अपुराच वाटतो, कंपनीने ते घ्यायला हवं. दुसरा बाबांजवळ सरकला आणि त्याने सहीसाठी पेटी पुढे केली. बाबांनी आढेवेढे न घेता पेन मागितलं.

"दृश्य तर दिसलं," बायको म्हणाली. "मी शब्दाची पक्की आहे. उद्या फलक धरून येते. फलकावर लिहायचं काय? सासऱ्यांना परत आणा?"

मी तिला म्हटलं, कपाट आजच रिकामं करतो. तिने फक्त मोज्यांची आठवण करून दिली.

रिपेअरवाल्या काकांनी एव्हाना हत्यारं पिशवीत भरली होती. दाराशी चपला चढवताना त्यांनी एकदा पडद्यावरच्या थिजलेल्या कानटोपीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि समजूत काढावी तसं म्हणाले,

"पिक्चर काही मला समजला नाही, साहेब. पण वडलांनी काम चांगलं केलंय."