मुकादम खपला

गोदामातील सर्व घटकांना कळविण्यात आले की, यापुढे गोदामाचे नियोजन आणि त्यावरील देखरेख 'सर्वदृष्टी' ही संगणकप्रणाली करील. घटक म्हणजे कोण, असा प्रश्न हमालांना पडला. घटक म्हणजे पंप, पाइप, व्हॉल्व्ह, रॅक, शिडी, हातगाडी आणि आपण, असं गोदामपालांनी समजावून सांगितलं. आपण शेवटी का, असं एका हमालाने विचारलं. "बाबा रे, यादीत आहोत ना? मग गप्प बस," गोदामपाल म्हणाले.

या गोदामपालांना सगळं गोदाम दाजी म्हणे. वास्तविक ते एकट्या मुकादमाचे दाजी. मुकादम म्हणजे हमालांचा म्होरक्या आणि दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. पण तो दिवसभर "दाजी, ट्रक आला!" म्हणून असा काही गळा काढी, की हमाल, ड्रायव्हर आणि खुद्द साहेबही त्यांना दाजी म्हणू लागले. इतके मेहुणे पदरात पडूनही माणूस स्वभावाने गरीब राहिला, हे विशेष.

मुकादम कामाला लागला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. आता मिशा पिकल्या, तरी कंपनीच्या लेखी तो हंगामीच होता. हंगाम कसला, हे कोणी सांगत नव्हतं. ओझी उचलून त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. डॉक्टर म्हणत होते, गुडघे बदला. कंपनी म्हणत होती, दवाखान्याचा खर्च फक्त कायम कामगाराला. आणि दाजींची बायको रोज पोळी वाढताना म्हणत होती, "माझ्या भावाला कायम करायचं काय झालं?" दाजींना ती पोळी गिळणं फार अवघड जाई.

'सर्वदृष्टी' मूळची परदेशी. तिला आपल्या भाषेत बोलायला शिकवण्याचं काम संचालकांच्या मेहुण्याला मिळालं होतं. मेहुणे सगळ्यांनाच असतात. काहींचे ओझी उचलतात, काहींचे कंत्राटं उचलतात. या मेहुण्याने शब्दकोश समोर ठेवून झपाट्याने काम उरकलं. माल आला की पडद्यावर 'आगमन', माल फुटला की 'दुर्दैवी', आणि माल वापरून संपला की 'खपला'. साहेबांना ही भाषा फार आवडली. ते म्हणाले, "कशी घरच्यासारखी वाटते!"

मग कामगारांच्या मूल्यमापनाची वेळ आली. प्रत्येक घटकापुढे गोदामपालांनी शेरा लिहायचा, आणि तो वाचून पुढचा निर्णय 'सर्वदृष्टी' स्वतः घेणार, असा नियम होता. मानवी हस्तक्षेप टाळण्यासाठी तो निर्णय कोणी तपासायचा नाही, असाही नियम होता. दाजींनी ओळखलं, की हीच संधी. पडद्यासमोर बसून त्यांनी डोकं खाजवलं, चष्मा पुसला आणि दोन बोटांनी एकेक अक्षर दाबत आपल्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर वाक्य लिहिलं: 'हा माणूस या गोदामासाठी खपला.'

फोन करून त्यांनी ते बायकोला वाचून दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी दाजींच्या पोळीवर तूप जरा जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी मुकादम फाटकाशी आला. छातीवरची ओळखपट्टी यंत्रासमोर धरली की आडवा दांडा वर जाई. आज दांडा हलला नाही. पडद्यावर अक्षरं उमटली: 'हा घटक खपला आहे. आत घेता येत नाही.'

रखवालदाराने ती दोनदा वाचली आणि टोपी काढली. "मुकादम, तुम्ही खपलात."

"आं? कधी?"

"कालच, म्हणतंय."

"अन् मला कोणी सांगितलं नाही ते?"

"खपलेल्याला कोण सांगायला जातं?" रखवालदार म्हणाला. माणूस प्रेमळ होता. त्याने बसायला आपलं स्टूल दिलं, पण ते फाटकाच्या बाहेरच्या बाजूला ठेवलं.

दाजी धावत सल्लागाराकडे गेले. सल्लागार म्हणजे प्रणाली बसवून देणाऱ्या कंपनीचा माणूस. तो गोदामात कधीच येत नसे, कारण त्याला गोदाम वरच्या मजल्यावरून, पडद्यावर, जास्त स्पष्ट दिसे.

"अहो, खपला म्हणजे राबला! कष्ट केले! एवढं साधं कळत नाही तुमच्या यंत्राला?"

"सर, सिस्टीममध्ये खपलाचा अर्थ एकच. वापरून संपला."

"तेही खोटं नाही म्हणा," दाजी पुटपुटले. "पण तो फाटकाशी स्टुलावर बसलाय. खिडकीतून बघा, दिसतोय."

सल्लागाराने खिडकीकडे पाहिलं नाही. त्याने पडद्याकडे पाहिलं. "नाही सर. दिसत नाहीये."

खपलेला माल परत साठ्यात घेण्याचा एकच मार्ग होता: 'परतावा'. परताव्याला कारण द्यावं लागे, आणि कारणं तीनच होती. 'खराब निघाला' निवडलं तर माल भंगारात जाई. 'जादा झाला' निवडलं तर लिलावात. उरलं 'उत्पादनात दोष'. त्यासाठी उत्पादकाची सही आणि वॉरंटी हवी.

दाजी सासूबाईंकडे गेले. म्हातारी कानाने कमी ऐकत असली तरी डोक्याने शाबूत होती.

"जावईबापू, वॉरंटी म्हणजे?"

"म्हणजे... पोराची हमी."

"पोराची हमी? तुमच्या हातात पोरगी दिली, तिची तरी मागितली होती का तुम्ही? मागितली असती तरी मी दिली नसती," सासूबाई म्हणाल्या. "आणि माझ्या पोरात दोष आहे म्हणून मी सही करू? उठा!"

दाजी उठले. घरी यापेक्षा वाईट वाढून ठेवलं होतं.

"माझ्या जित्याजागत्या भावाला खपवलंत तुम्ही!"

"अगं, राबला या अर्थाने लिहिलं मी."

"मग राबला लिहायला काय हात झडले होते? हे बघा, तो आत गेला पाहिजे, कायम झाला पाहिजे आणि त्याचे गुडघे झाले पाहिजेत. नाहीतर मी हे खपवून घेणार नाही, सांगून ठेवते!"

"अगं, तो शब्द नको," दाजी कळवळून म्हणाले.

इकडे 'सर्वदृष्टी' स्वस्थ बसली नव्हती. साठ्यात किमान एक मुकादम असावा, असं तिच्यात नोंदलेलं होतं. साठा शून्यावर आलेला पाहून तिने स्वतःच मागणी पाठवली. छोट्या वस्तू सुट्या मागवणं परवडत नाही, म्हणून एक डझन. मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराने बारा मुकादम एका टेम्पोतून आणून उतरवले आणि पोच घेतली.

बारा मुकादम आणि चार हमाल. सकाळी एक पेटी उचलायची तर तिच्यावर बारा मतं पडू लागली. हमाल पेटी डावीकडे नेत, उजवीकडे आणत, पुन्हा जागेवर ठेवत. पडद्यावर मात्र मालाची हालचाल तिपटीने वाढलेली दिसली, आणि साहेबांनी गोदामाचं अभिनंदन करणारा संदेश धाडला. हमालांपैकी दोघे पाठ धरून घरी बसले. खरा मुकादम फाटकाबाहेरून हे पाहत होता आणि त्याचा जीव तीळतीळ तुटत होता. "अरे गाढवांनो, खालून धरा, खालून!" तो ओरडे. पण खपलेल्या घटकाचं ऐकायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद होती.

"दाजी," एकदा तो म्हणाला, "कायम करायचं जाऊ द्या. हंगामी तरी राहू द्या की. हे गुडघे घेऊन मी दुसरीकडे कुठे जाऊ? कोण घेईल मला?" एवढं बोलून त्याने मान फिरवली. मेहुण्याला रडताना दाजींनी कधी पाहिलं नव्हतं, आणि रडवणारा हात त्यांचाच होता.

त्या दिवशी बायको तोंड फिरवूनच बोलली. "माणूस म्हणून आत जात नसेल ना, तर सामान म्हणून न्या त्याला! सामानाला कोण अडवतंय?"

ती रागाने बोलली होती. पण दाजी सरकारी कागदासारखे सरळ माणूस. त्यांनी शब्द जसाच्या तसा घेतला.

कोपऱ्यात एक हातगाडी पडली होती. तिची दोन्ही चाकं कधीच निखळली होती, पण ओळखपट्टी शाबूत होती, आणि पडद्यावर ती धडधाकट होती. दाजींनी तिची पट्टी सोडवली आणि मुकादमाच्या छातीवर चिकटवली. मुकादम फाटकाशी गेला. दांडा झटकन वर गेला. 'हातगाडी. स्वागत.'

"दाजी," मुकादम आत येत म्हणाला, "इतक्या वर्षांत मला कोणी स्वागत म्हटलं नव्हतं हो."

पुढे जे झालं, त्याची दाजींना स्वप्नातही कल्पना नव्हती. हातगाडी ही 'कायम मालमत्ता' या सदरात मोडत होती. कायम! तिचा विमा होता. संचालक मंडळाच्या ठरावाशिवाय तिला कोणी काढू शकत नव्हतं. तिच्याकडून क्षमतेपेक्षा जास्त ओझं वाहून घ्यायला सक्त मनाई होती. पगार नव्हता, पण देखभाल खर्च होता, आणि तो मुकादमाच्या मजुरीहून भरघोस निघाला. कारण माणसावर केलेला खर्च हा खर्च असतो आणि यंत्रावर केलेली ती गुंतवणूक असते.

दाजींनी पुढची नोंद केली: 'हातगाडीची दोन्ही चाकं निकामी. बदलणे आवश्यक.' गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं केलेले अर्ज साहेबांच्या खणात पिवळे पडले होते. चाकांना जेवणाच्या सुट्टीआधी मंजुरी आली. वर सल्लागाराचा खोचक शेराही आला: 'एवढी महत्त्वाची दुरुस्ती आजवर का टाळली?'

मुकादमाचे गुडघे झाले. तो चालू लागला, तेव्हा दाजींची बायको सगळ्यांदेखत रडली आणि मग तिने दाजींना विचारलं, "दर वर्षी किंमत दहा टक्क्यांनी कमी होणार, असं लिहिलंय. ते काय?"

"घसारा म्हणतात त्याला."

"असू दे. माणसाचं तरी वेगळं काय होतं?"

ही बातमी गोदामात वाऱ्यासारखी पसरली. पाठ धरून बसलेले दोघे हमाल वजनकाटा आणि पाना म्हणून रुजू झाले. त्यांच्या पाठी 'फेरजुळणी' सदरात नीट झाल्या. बारा मुकादम रॅक झाले, आणि रॅक झाल्यावर बोलायचे बंद झाले, हा मोठाच फायदा. उरलेले दोघे हमाल पंप आणि व्हॉल्व्ह झाले, रखवालदार दिवा झाला. शेवटी 'सर्वदृष्टी'ला दिसलं, की ज्या गोदामात एकही माणूस नाही तिथे गोदामपालाची गरज काय. तिने नोटीस काढायच्या आत दाजी लोखंडी कपाट झाले होते. बायको म्हणाली, "तुम्ही ना, तेवढे हुशार आहात हो."

साहेब आनंदाने वेडे व्हायचे बाकी राहिले. मनुष्यबळ शून्य, काम पूर्ववत! असं गोदाम दुसरीकडे कुठेही नव्हतं. त्यांना पुरस्कार मिळाला, सल्लागाराला बढती मिळाली. आता दूरदूरचे पाहुणे हे माणसांवाचून चालणारं गोदाम बघायला येतात. ते आले की हातगाडीने खोकायचं नाही आणि कपाटाने चष्मा काढून ठेवायचा, एवढं पथ्य पाळावं लागतं. पाहुणे हातगाडीच्या खांद्यावर हात ठेवून कौतुकाने म्हणतात, "काय ताकद आहे! आणि कुरकुर म्हणून नाही!"

आता तुमच्याविषयी. इथवर वाचताना तुम्ही हसलात, बरं वाटलं. पण विमा आणि देखभाल खर्च वाचताना तुमचे डोळे जरा रेंगाळले, आणि चाकांच्या मंजुरीशी तर तुम्ही मनातल्या मनात आपल्या साहेबांच्या खणाचा विचार केलात. लाजू नका, सगळेच करतात. कपाटाकडे रोज विचारणा होत असते. सध्या शिडीची तेवढी एक जागा रिकामी आहे.

बोला, उंची किती तुमची?