आधी पाठ बघू

हणमंता माणसाला समोरून भेटत नाही. तुम्ही नमस्काराला हात जोडले की तो अर्धी प्रदक्षिणा घालून तुमच्या मागं जातो, मान तिरकी करून पाठ न्याहाळतो आणि मगच म्हणतो, "हं. बोला आता." का असं विचारलं तर उत्तर तयार असतं. "तोंडाला पावडर लावता येती. पाठीला लावून दाखवा."

फलटणच्या शाळेत आम्ही एका वर्गात होतो. मी मिरजेत मणक्याचा सर्जन झालो. हा ताडमाड उंच गडी इंजिनिअर झाला आणि सांगलीजवळ त्यानं छोटा कारखाना टाकला. पाठीत बसवायच्या टायटॅनियमच्या सळया आणि स्क्रू तो बनवतो.

त्याच्या खिशात कायम शिशाची मऊ तार असते. ती कण्यावर दाबली की पाठीचा बाक तारेत उतरतो. मग ती वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं रेघ ओढायची. एका लग्नात त्यानं नवरीमागं अक्षता घेऊन उभ्या असलेल्या तिच्या मामाच्या पाठीलाच तार लावली. मामा दचकले.

"आवं, शर्टाचं माप घेताय का काय?"

"शर्टाचं न्हवं मामा. कंबर लय झ्याक हाय तुमची. हालू नका."

मंगलाष्टकं संपेपर्यंत मामा श्वास रोखून उभे. जेवणानंतर हणमंतापुढं पाठी दाखवणाऱ्यांची रांग लागली.

एका साखर कारखान्याच्या चेअरमनना तर त्यानं सत्काराच्या स्टेजवरच सांगितलं, "सायेब, कंबर सपाट झालीया तुमची. अशानं पुढच्या इलेक्शनला मतदारांचं पायच दिसायचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमन पुढच्याच आठवड्यात एक्स-रे घेऊन गुपचूप त्याच्याकडं गेले.

चेष्टा सोडली तर मुद्दा खरा होता. निरोगी कमरेला आतल्या बाजूला बाक असतो. पूर्वी आम्ही सर्जन ऑपरेशन चालू असतानाच सळई हातानं, नजरेच्या अंदाजानं वाकवायचो. बाक कमी पडला तर दुखणं जायचं, पण माणूस कायमचा पुढं झुकायचा. हणमंतानं ज्याचा त्याचा एक्स-रे बघून कारखान्यातच सळईला बाक द्यायची पद्धत बसवली. "सळईपायी माणूस वाकवायचा न्हाई गड्या, माणसापायी सळई वाकवायची." हे तो पुण्याच्या परिषदेत बोलतो आणि न्हाव्याच्या खुर्चीतही बोलतो.

त्याच्याबद्दल मिरजेत आणखी एक गोष्ट हसत सांगितली जाते. हा म्हणे घरात बायकोच्या पायाशी बसतो. ही थट्टा आम्हा डॉक्टरांच्या चहाच्या टेबलावर सुरू झाली. मीही हसलो. ते आता दुरुस्त करायचं आहे, कारण तो तिथं का बसतो हे त्या टेबलावर फक्त मला ठाऊक होतं.

त्या जुन्या, अंदाजाच्या काळात सुमनवहिनींच्या कमरेत सळई मी बसवली होती. सपाट. तेव्हापासून उभ्या राहिल्या की त्यांना फरशी दिसायची. त्या ओट्याशी काम करायच्या आणि त्यांच्या नजरेत यावं म्हणून हणमंता खाली बसायचा. आम्ही बाकीचे त्यांच्यासाठी नुसते पाय. "डॉक्टर, नव्या चपला?" असं त्या माझं स्वागत करायच्या. कुणी विचारलंच तर हणमंता "वय झालं तिचं" म्हणून विषय बदलायचा. माझं नाव त्यानं कधी घेतलं नाही.

गेल्या वर्षी त्यानं मला घरी बोलावलं. ओट्यावर फडक्यात गुंडाळलेली सळई होती.

"हिच्यासाठी केलीया. तुझ्या हाताखाली शिकलेला तो डॉक्टर पोरगा बसवंल. पण ही तयार न्हाई."

"एकदा झालं की," वहिनी म्हणाल्या. "वयानं वाकलेलं आता काय सरळ हुतंय?"

मी म्हणालो, "वहिनी, वयानं नाही. माझ्या हातानं."

हणमंता खाली बसून शेंगा फोडत होता. तो दाणे टरफलांत आणि टरफलं वाटीत टाकू लागला.

वहिनी माझ्या पायांकडं बघतच म्हणाल्या, "ठाऊक हाय मला. ह्यांनी येवढं वय वय केलं, तवाच कळलं. तुमी कवा बोलताय त्येच बघत हुते." मग म्हणाल्या, "सांगा त्या पोराला. घेते करून."

ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी मी गेलो, तेव्हा त्या ओट्याशी उभ्या होत्या. ताठ. खिडकीतून शेजारणीशी बोलत होत्या. मध्येच वळल्या.

"आवं? कुठं गेलासा?"

"हितंच हाय की." आवाज खालून आला. सवयीनं तो फरशीवरच बसला होता.

"मग दिसंना का मला?"

गुडघ्यावर हात टेकत हणमंता उठला. मला वाटलं, आता हा मागं जाणार, पाठीला तार लावणार. तार खिशातून डोकावत होती. पण तो मागं गेला नाही. समोर जाऊन उभा राहिला आणि हातांचं काय करावं ते न कळून दोन्ही हात पाठीशी बांधले.

वहिनींची नजर त्याच्या सदऱ्यावरून चढत चढत चेहऱ्यापर्यंत गेली.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "लय उंच हाय की वो तुमी."