स्टेजसमोरची गॅलरी

साल एकोणीसशे शहाऐंशी. आमच्या अख्ख्या खानदानात जागेचा व्यवहार कळणारी मी एकटीच! निदान तेव्हा माझं असं ठाम मत होतं.

आमचे हे त्या वर्षी छापखान्यातून निवृत्त झाले. तीस वर्षं यंत्रांचा खडखडाट ऐकल्यावर त्यांची एकच इच्छा उरली होती : गावाबाहेर दोन खोल्यांचं शांत घर. पण धाकट्या दिरांनी बातमी आणली.

"वहिनी, गिरणीमागच्या मैदानावर दर शनिवारी गाण्यांचे मोठे कार्यक्रम होणार! आजूबाजूच्या जागा वर्षात दुप्पट!"

"आणि माझी शांतता?" ह्यांनी विचारलं.

"अहो, एकच वर्ष कळ काढा! मग शांततेबरोबर बागही घेऊ!" मी म्हणाले.

ह्यांच्या फंडाची पै न् पै घालून मैदानाला लागून फ्लॅट घेतला. गॅलरीतून सगळं मैदान ताटात वाढल्यासारखं दिसायचं!

वर्षभर थांबायचा धीर मला कुठला! पहिल्याच कार्यक्रमाला फ्लॅटसाठी गिऱ्हाईक बोलावलं. निवृत्त हेडमास्तर, गाण्याचे वेडे. मी गॅलरीत खुर्च्या मांडल्या. "बसल्या जागी पहिली रांग, मास्तर! जन्मात तिकीट काढायला नको!"

दिवे लागले. मास्तर चष्मा पुसून पुढे वाकले. "बाई, ही मंडळी आपल्याकडे पाठ करून का बसलीत?"

मी पाहिलं. स्टेजचं तोंड पलीकडे! आमच्या वाट्याला बांबू, ताडपत्री आणि आठ वादकांच्या पाठी. आठवडाभर मी रोज ते स्टेज उभं राहताना कौतुकानं पाहिलं होतं. तोंड कुठल्या बाजूला, हे विचारायचं काही सुचलं नाही!

"मागून गाणं जास्त शुद्ध ऐकू येतं," मी ठोकून दिलं.

तेवढ्यात ढोल सुरू झाले. फळीवरचे पेले नाचत नाचत कडेला आले. मास्तरांची खुर्ची इंचाइंचानं दाराकडे सरकू लागली. ढोलानं की मास्तरांनीच, देव जाणे!

मध्यंतर झालं आणि बेल वाजली. दारात जरीच्या कोटातला बासरीवाला, घामाघूम. "मावशी, स्टेजमागे संडासच नाही हो! तुमचं घर सगळ्यात जवळ..." त्याच्यामागे जिनाभर वादक, आणि साडीचा घोळ सावरत खुद्द गायिका!

नेमकं मास्तरांनाही तेव्हाच जायचं होतं.

"आजोबा, रांगेत या!" ढोलवाला खेकसला.

जन्मभर पोरांना रांग शिकवलेला माणूस, दहावा नंबर लावून मुकाट उभा राहिला! आमचे हे दाराशी बादल्या भरून देत होते. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

निघताना मास्तर म्हणाले, "बाई, जागा मोक्याची आहे. पण संडासासाठी!"

दोन वर्षं फ्लॅट कोणी घेईना. शेवटी मास्तरांनीच घेतला, पडत्या भावात. त्यांना तोवर ऐकू कमी येऊ लागलं होतं. सहा महिन्यांत कार्यक्रम बंद झाले, मैदानावर ग्रंथालय आलं आणि भाव तिप्पट! गायिका पुढे मोठी झाली; दर वर्षी आम्हाला पहिल्या रांगेचे दोन पास न चुकता पाठवायची. ह्यांना गावाबाहेर दोनाऐवजी एक खोली मिळाली, पण शांत. तिथे ते अकरा वर्षं सुखानं राहिले. दाराला बेल मात्र शेवटपर्यंत बसवू दिली नाही.

परवा भाऊजी काठी टेकत आले. बातमी घेऊनच! "वहिनी, तुमच्या घरामागे नाट्यगृह होतंय!"

मी एवढंच विचारलं, "संडास बांधतायत ना?"