दाव्याला बांधलेली मोटार

यंदाच्या पोळ्याला संध्याकाळी पाचच्या सुमारास नेकनूरच्या मारुतीपुढे बैलांच्या रांगेत एक पांढरी मोटार उभी होती. तिच्या बॉनेटवर झूल होती, दोन्ही आरशांना गोंडे होते आणि डाव्या आरशाला पिवळा बिल्ला टोचलेला होता, सरकारी मोहिमेत जनावरांच्या कानाला मारतात तसा. पुढे एक खिलार जोडी होती, मागे एक देवणी. चालकाच्या जागेवर निवृत्त पशुधन पर्यवेक्षक रामकिसन गडदे फेटा बांधून बसले होते.

मिरवणूक निघाली. मोटार बैलांच्या चालीने, अजिबात आवाज न करता चालू लागली. एकही बैल बुजला नाही. गडदे काचेतून मान बाहेर काढून दोन्ही बाजूंच्या लोकांना सांगत होते, "जनावराला इचारा. माणूस खोटं बोलंल."

वेशीजवळ मोटारीचं इंजिन आपोआप सुरू झालं. खिलार जोडी उधळली. एक बैल किराणा दुकानाच्या ओट्यावर चढला, दुसरा मालकाला घेऊन पाणंदीत दिसेनासा झाला. कोणी जखमी झालं नाही. मालक दिवेलागणीला घरी पोचला. बैल त्याच्या आधी पोचला होता.

गडदे यांनी गाडीवरची झूल काढली, घडी केली आणि जमलेल्या लोकांसमोर जाहीर केलं की भाऊबीजेच्या दिवशी ही गाडी पाटोद्याच्या रस्त्याला जाईल आणि वाटेत इंजिन एकदाही सुरू होणार नाही. झालं, तर जनावरांच्या बाजारात दावणीला लावून ती विकून टाकतील.

गडदे माझे शेजारी. आमच्या दोन घरांत एक कंबरेएवढी भिंत आहे. मी एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहर असल्याने ते मला 'पत्रकार' म्हणतात. गाव त्यांना 'डॉक्टर' म्हणतं. आपण डॉक्टर नाही हे ते प्रत्येक वेळी सांगतात आणि मग जनावर तपासतात.

त्यांची तपासायची एक पद्धत आहे. "आधी शेपटीकडून बघायचं," असं ते म्हणतात. पुढून प्रत्येक जण चांगलाच दिसतो, असं त्यांचं निरीक्षण आहे. एकदा मला ताप होता तेव्हा ते माझ्या मागे जाऊन बराच वेळ उभे राहिले. मुलीला स्थळ आलं तेव्हा त्यांनी मुलाला अंगणात दोनदा चालायला लावलं आणि मागून पाहिलं. जावई चांगला निघाला. दुसरा निकष रवंथाचा. जनावर खातंय, चघळतंय, तोवर त्याला काही झालेलं नाही. तोंड थांबलं की काळजी करायची.

ही गाडी त्यांनी गेल्या कार्तिकात पुण्याहून आणली. जुनी हायब्रीड मोटार. विकणाऱ्या नातेवाइकाने फोनवर सांगितलं होतं की ती करंटवर चालते. गाडी दारात आल्यावर गडदे शेपटीकडून सुरुवात करून तिच्याभोवती तीन वेळा फिरले. प्लग घालायची जागा कुठेच नव्हती. नातेवाइकाने मग खुलासा केला की ही गाडी आपली वीज आपणच बनवते, इंजिनातून आणि ब्रेक दाबताना. बाहेरून वीज देता येत नाही. बॅटरी उतरली की इंजिन स्वतः सुरू होतं.

गडदे यांनी हा खुलासा भिंतीवरून मला दिला तो असा: "रवंथ करतीय, पर वैरण खायला तोंडच न्हाई."

गावाला वाटलं की म्हातारा पेट्रोल वाचवायला निघाला आणि फसला. गडदे यांनी ते खोडून काढलं नाही.

गाडी येण्याआधीची एक घटना इथे नोंदवली पाहिजे. गडदे यांच्या पत्नी कौसाबाई यांना गाडी लागते. एसटी, जीप, ट्रॅक्टर, सगळं लागतं. उभ्या एसटीच्या धुरानेही त्यांचा चेहरा उतरतो. त्यांचं माहेर पाटोद्याच्या अलीकडे एका धनगरवस्तीवर आहे. त्या बैलगाडीतून माहेरी जात. पुढे गावात लांब जाणाऱ्या बैलगाड्या राहिल्या नाहीत आणि कौसाबाईंचं जाणं थांबलं. त्यांचा भाऊ मारोती दर भाऊबीजेला मेंढरं दुसऱ्यावर सोपवून इकडे यायचा. गेल्या वर्षी मारोतीचे गुडघे गेले. तो आला नाही. त्याने फोन केला, जेवलो म्हणाला, ठेवला.

त्या दिवशी दिवेलागणीला कौसाबाई ताट घेऊन अंगणात आल्या आणि त्यांनी चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. गडदे गोठ्याच्या दारात पाटी घेऊन उभे होते. मी भिंतीच्या अलीकडे होतो. त्यानंतर महिनाभरात गाडी आली. या दोन घटनांचा संबंध गडदे यांनी कधीही सांगितला नाही. कौसाबाईंनी गाडी पाहून एवढंच म्हटलं होतं की आपण काही तिच्यात बसणार नाही.

पोळ्यानंतर बसस्टँडजवळ बॅटऱ्या आणि मोटर वाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या शकील मिस्त्रीने मोबाइलवर एक किट शोधून काढलं. डिकीत बसणारी जादा बॅटरी, चार्जर, वायरींचा खोका आणि चित्रांचं इंग्रजी पुस्तक. रात्रभर घरच्या विजेवर लावायचं आणि सकाळी चाळीसेक किलोमीटर इंजिनाशिवाय जायचं, असा त्याचा दावा होता. वस्तीचा रस्ता तेवढाच, वर थोडा. पुस्तकात एक अट होती: गाडी जोरात पळवली तर किट असो वा नसो, इंजिन सुरू होणार.

किट बसवण्याचं काम गडदे यांच्या अंगणात झालं. विजेचं काम म्हणून शकीलने रबरी हातमोजे घातले. गडदे यांनीही घातले. ते गाईंच्या कृत्रिम रेतनाचे, खांद्यापर्यंत येणारे प्लास्टिकचे होते. शकीलने मान वर केली तेव्हा गडदे यांचा डावा हात खांद्यापर्यंत डिकीत गेलेला होता.

"डाक्टरसाब, हात निकालो. ये भैंस नै है, दोनशे व्होल्ट है."

"तू तार जोड बे. मी धरून हाय."

"क्या धरून हाय?"

"शांत ऱ्हाती मग ती."

शकीलने काम थांबवलं, गडदे यांना खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या हातात पुस्तक दिलं. पुढचं काम व्यवस्थित पार पडलं. अशा बदलाची परिवहन कार्यालयात नोंद लागते. गडदे यांनी किटच्या कागदांसोबत अर्ज दिला आणि ओळख म्हणून गाडीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबरही लिहिला. बिल्ल्याबद्दल कार्यालयाने काही विचारलं नाही.

त्या दिवसापासून गाडी रात्री गोठ्याशेजारी, म्हशीच्या बाजूला उभी राहू लागली. खिडकीतून आलेली वायर गाडीपर्यंत जाई. गडदे तिला दावं म्हणत. विजेला वैरण आणि पेट्रोलला पेंड. "पेंड महाग पडती, वैरण घरची," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. एका पहाटे ते दावं न सोडताच निघाले. भिंतीवरचा बोर्ड, त्याला टांगलेली पिशवी आणि कॅलेंडर बसस्टँडपर्यंत गाडीमागे गेलं. आमच्याकडची वीजही गेली, कारण फ्यूज एकाच खांबावर होते. गडदे बोर्ड काखेत घेऊन परत आले. जनावरात ताकद आहे, एवढाच त्यांचा अभिप्राय होता.

चाचणीसाठी त्यांनी शेळी निवडली. कौसाबाईंची शेळी गावात बुजरी म्हणून प्रसिद्ध होती. तिला मागच्या सीटवर बसवून ते रोज सकाळी फाट्यापर्यंत जाऊन येत. शेळी चघळत असेल तर इंजिन बंद. वेग वाढून इंजिन सुरू झालं की शेळीचं तोंड थांबे. गाडीतल्या पडद्यावरही हे दिसत होतं, पण गडदे यांचा पडद्यावर विश्वास नव्हता. दिवाळीच्या आठवड्यात शेळी फाट्यावरून चघळतच परत आली. ते तिला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"शेळी बसती गाडीत," ते म्हणाले.

"मग शेळीलाच न्या माज्या भावाकडं," आतून उत्तर आलं.

गडदे शेळी घेऊन परत फिरले. पुन्हा विचारलं नाही.

भाऊबीजेच्या सकाळी सात वाजता मी साक्षीदार म्हणून गाडीत पुढे बसलो होतो. गडदे बसले होते. गाडी सुरू होत नव्हती, कारण ते किल्ली फिरवत नव्हते. थोड्या वेळाने कौसाबाई बाहेर आल्या. नवं लुगडं, एका हातात फराळाचा डबा आणि ओवाळणीचं ताट बांधलेलं फडकं, दुसऱ्या हातात लिंबू. म्हैस माझ्या पत्नीकडे सोपवली होती. त्या मागे बसल्या, दोन्ही काचा खाली करायला लावल्या आणि पदर नाकाला लावला.

इंजिन सुरू झालं नाही. गाव मागे पडलं तरी झालं नाही. मात्र गडदे घाबरलेले होते आणि घाबरून सारखा ब्रेक दाबत होते. या गाडीला ब्रेक लागला की ती मागे ओढल्यासारखी थांबते. रवंथाची ही बाजू शेळीने दाखवून दिली नव्हती. मुख्य रस्त्याला लागण्याआधीच कौसाबाईंनी गाडी थांबवायला सांगितलं आणि उतरून बाभळीखाली बसल्या. सकाळचा चहा तिथे पडला.

गडदे गाडीजवळ उभे राहिले. बाटली पुढे केली. कौसाबाईंनी चूळ भरली, ताटाचं फडकं उचललं आणि चालायला लागल्या. तोंड पाटोद्याकडे होतं.

"तुमी जा पुढं. मी येते चालत."

"एवढं?"

"पाय हायेत की."

गडदे गाडीत बसले आणि कौसाबाईंच्या शेजारून, त्यांच्याच चालीने गाडी चालवू लागले. त्या वेगात ब्रेकची गरज पडत नव्हती. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांसह पुढे गेला. चालकाने काकांना गाडी ढकलू का असं विचारलं. इंजिन बंद असल्यामुळे पुढचं बोलणं मला सगळं ऐकू आलं.

"कावून केलं हे एवढं?" कौसाबाईंनी रस्त्याकडे बघतच विचारलं.

"पेट्रोल महाग हाय."

त्या काही पावलं चालल्या.

"मी चंद्राला ओवाळत व्हते तवा तुमी गोठ्यात व्हता."

"शेण काढत व्हतो."

"दिवेलागणीला कोण शेण काढतं?"

गडदे यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. ते समोर बघत होते. गाडी चालत होती, त्याही चालत होत्या. मग कौसाबाईंनी चालत्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि बैलगाडीत बसतात तशा आत बसल्या.

"ह्याच चालीनं चला," त्या म्हणाल्या.

त्याच चालीने आम्ही गेलो. मांजरसुंब्याला दोन माणसांनी गाडी बंद पडली आहे का, अशी चौकशी केली. एका शेळ्यांच्या कळपाने आम्हाला मागे टाकलं. इतक्या हळू जाण्यामुळे बॅटरी पुरली. वस्तीवर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मारोती काठी घेऊन रस्त्यावर उभा होता. मोटार मेंढरांच्या मधून गेली आणि मेंढरं हलली नाहीत. कौसाबाईंनी तोंड धुतलं आणि भावाला पाटावर बसवून ओवाळलं. मारोतीला खाली बसायला वेळ लागला आणि उठायला त्याहून जास्त. गडदे त्या वेळी बाहेर, गाडीच्या मागच्या बाजूला उभे होते.

वस्तीवर त्या दिवशी वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीही आली नाही. गाडी उपाशीच राहिली. गडदे यांनी वीज येईपर्यंत थांबायचा प्रस्ताव मांडला. संध्याकाळ झाली तरी चालेल, उद्या निघालो तरी चालेल. कौसाबाई म्हणाल्या, म्हैस वाट बघत असेल. मारोतीने डबा रिकामा परत दिला नव्हता. त्यात भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या.

निघताच इंजिन सुरू झालं आणि पूर्ण वाट सुरूच राहिलं. गडदे यांनी चाल बदलली नाही. ते रस्त्यापेक्षा आरशात जास्त बघत होते, म्हणून मी रस्त्याकडे बघत होतो. कौसाबाईंनी मागे काच खाली केली होती. पदर खांद्यावर होता. लिंबू सीटवर पडलेलं होतं. मांजरसुंबा मागे पडल्यावर मला इंजिनाच्या आवाजातून दुसरा एक आवाज येऊ लागला, शेंग फुटल्याचा. मग आणखी एक.

गडदे माझ्याकडे झुकले आणि हळू आवाजात एकच शब्द बोलले.

"खातीय."

दैनिकात या प्रवासाची बातमी आली नाही. गावाने विचारलं तेव्हा मी सांगितलं की भाऊबीजेच्या दिवशी इंजिन सुरू झालं नाही. ते खरं आहे. दुसऱ्या दिवसाबद्दल कोणी विचारलं नाही. गाडी बाजारात गेलेली नाही. ती रोज संध्याकाळी म्हशीशेजारी दाव्याला असते. गडदे सकाळी तिची काच पुसतात, आरसे पुसतात, डिकी झाडतात. मागच्या सीटवरची शेंगांची टरफलं त्यांनी अजून काढलेली नाहीत.